बायसेक्टने दाखवलेली कमिट आणि बूट अडवणारा खरा दोष

प्रश्न थोडक्यात असा. ६४-बिट आर्म बोर्ड, १ जीबी रॅम, रॅमचे पत्ते हेक्स ४००००००० पासून सुरू. यू-बूट (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) कर्नलची इमेज ४००००००० ला आणि डीटीबी (बोर्डवर कोणतं हार्डवेअर कुठे आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) ४२०००००० ला उतरवतं, मग कर्नल सुरू करणारी बूटी कमांड. इनिटआरडी (बूटच्या वेळची तात्पुरती फाइलसिस्टम) नाही. टीमने कर्नलच्या मेमरी व्यवस्थापनात एक बदल केला: प्रत्येक पानाची नोंद ठेवायला पानामागे ३२ बाइट, असा एक स्टॅटिक ॲरे. तेव्हापासून ‘स्टार्टिंग कर्नल’ या ओळीपुढे सिरियल कन्सोलवर एक अक्षर उमटत नाही. अर्लीकॉन हा अगदी सुरुवातीपासून संदेश दाखवणारा पर्याय लावूनही तेच. गिट बायसेक्ट (इतिहास अर्धा-अर्धा करत दोषी बदल शोधणारी कमांड) त्याच कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, येऊन थांबतं आणि ती रिव्हर्ट केली, म्हणजे मागे घेतली, की बोर्ड सुरू होतो. पण त्या कमिटमध्ये ॲरे फक्त जाहीर केलेला आहे. त्याला हात लावणारा कोड बूटच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यात चालतो आणि तिथवर कर्नल पोचतच नाही. इमेजची फाइलसुद्धा आधी होती तेवढीच, २३ एमबी. मग जो कोड चाललाच नाही, त्याने बूट कसं अडवलं? सोबत दोन्ही कर्नलचे सिस्टम.मॅप (कर्नलमधल्या चिन्हांच्या पत्त्यांची यादी) आणि यू-बूटचा प्रिंटएन्व्ह (त्याच्या सेटिंग्जची यादी) जोडलेला आहे.

उत्तर तुम्ही दिलेल्या आकड्यांतच आहे, म्हणून आधी ते सांगतो. तुमच्या कमिटने काही बिघडवलेलं नाही. तिने कर्नलचा शेवट ८ एमबी पुढे सरकवला आणि बूटलोडरच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्या दिवसापासून बसलेलं एक चुकीचं गृहीतक उघडं पडलं. मेमरीतल्या बदलामुळे बूट बंद पडलं की हा प्रकार इतक्या वेळा निघतो, की बायसेक्टने कमिट दाखवल्यावर ‘यात नवीन काय चालतंय’ हे मी नंतर बघतो. आधी बघतो ते ‘यामुळे काय कुठे सरकलं’.

सुरुवातीची किंमत न दिलेला स्टॅटिक ॲरे बीएसएसमध्ये जातो. बीएसएसला फाइलमध्ये जागा लागत नाही, कारण तिथे सगळी शून्यंच असायची असतात आणि ती कर्नल स्वतः सुरू होताना भरतो. १ जीबी रॅम म्हणजे ४ केबीची २,६२,१४४ पानं. पानामागे ३२ बाइट धरले की बरोबर ८ एमबी होतात. फाइल २३ एमबीचीच राहिली आणि म्हणून बदल निरुपद्रवी वाटला. रॅममध्ये मात्र कर्नल ८ एमबीने लांबला.

सिस्टम.मॅपमध्ये _टेक्स्ट आणि _एंड या दोन चिन्हांमधलं अंतर जुन्या कर्नलमध्ये २५ एमबी आहे, नव्यात ३३ एमबी. हेक्समध्ये १९००००० आणि २१०००००. आता पत्ते मांडून बघा. जुना कर्नल ४००००००० पासून ४१९००००० पर्यंत. डीटीबी ४२०००००० ला. मध्ये ७ एमबी मोकळे. नवा कर्नल ४००००००० पासून ४२१००००० पर्यंत. म्हणजे डीटीबी कर्नलच्या हद्दीत आला, शेवटापासून १ एमबी अलीकडे, आणि तो पट्टा नेमका बीएसएसचा. मधल्या ७ एमबीत ८ एमबीचा ॲरे मावला नाही, एवढीच गोष्ट आहे. कर्नल सुरुवातीलाच बीएसएस शून्य करतो आणि त्यात डीटीबी पुसला जातो.

हा आकडा सिस्टम.मॅप नसतानाही मिळतो. आर्म६४ च्या इमेजचे पहिले ६४ बाइट हेडरचे असतात. १६ व्या बाइटपासून पुढचे आठ बाइट म्हणजे कर्नलला रॅममध्ये लागणारी एकूण जागा, बीएसएस धरून, लिटल एंडियन पद्धतीने लिहिलेली. ओडी कमांडने बघितलंत तर जुन्या इमेजमध्ये तिथे ०० ०० ९० ०१ आणि पुढे चार शून्य बाइट दिसतील. नव्यात ०० ०० १० ०२. उलट्या क्रमाने वाचले की वरचेच दोन आकडे. बोर्डवर बसून बघायचं असेल तर यू-बूटच्या एमडी कमांडने ४०००००१० या पत्त्यावर तेच बाइट दिसतात (हेक्समध्ये १० म्हणजे आपले १६). इमेज किती मोठी आहे हे विचारताना एलएसने दाखवलेला फाइलचा आकडा विसरून जा. बूटच्या वेळी खरा आकडा हाच.

आता अर्लीकॉन गप्प का राहिला. हा भाग नीट समजून घ्या, कारण ‘अर्लीकॉन लावूनही काही दिसत नाही’ यावरून लोक कर्नल सुरूच झाला नाही असा निष्कर्ष काढतात, आणि तो निष्कर्ष चुकीचा असतो. कर्नलची कमांड लाइन बूटलोडरकडून येते ती डीटीबीच्या ‘चोझन’ नोडमधून. डीटीबी पुसला गेला की कमांड लाइनही गेली आणि अर्लीकॉन हा शब्दही तिच्यासोबत गेला. आर्म६४ मध्ये सेटअप_आर्क (कर्नलचं सुरुवातीचं एक फंक्शन) आधी डीटीबी तपासतो आणि त्यानंतर सुरुवातीचे पर्याय वाचतो. डीटीबी अवैध निघाला तर कर्नल ‘इनव्हॅलिड डिव्हाइस ट्री ब्लॉब’ असा स्पष्ट संदेश लिहितो, त्याचा पत्ता देतो, डीटीबी ८ बाइटला अलाइन हवा आणि २ एमबीपेक्षा मोठा नको असं सांगतो, बूटलोडर तपासायला सुचवतो आणि मग अनंत लूपमध्ये शिरतो. संदेश लिहिला जातो, पण तो कुठल्या यूआर्टवर (सिरियल पोर्टवर) पाठवायचा हे कर्नलला अजून कळलेलंच नसतं. कमांड लाइन कर्नलमध्येच बांधून ती सक्तीची केली तरी इथे उपयोग नाही, कारण पर्याय वाचण्याआधीच लूप लागलेला असतो.

संदेश मात्र लॉग बफरमध्ये पडून असतो आणि तो वाचता येतो. सिस्टम.मॅपमधून __लॉग_बफ चा पत्ता घ्या, त्यातून _टेक्स्टचा पत्ता वजा करा, उरलेलं अंतर ४००००००० मध्ये मिळवा. हा झाला रॅममधला खरा पत्ता. केएएसएलआर (दर बूटला कर्नलचा पत्ता बदलणारी सोय) चालू असला तरी ही वजाबाकी बदलत नाही, कारण दोन्ही चिन्हं एकत्रच सरकतात. मग बोर्ड गोठल्यावर वीज न घालवता रीसेटचं बटण दाबा, यू-बूट मधेच थांबवा आणि एमडीने तो पत्ता बघा. यू-बूट स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवून घेतं, त्यामुळे खालचा हा भाग सहसा तसाच राहतो. ५.१० पासून लॉग बफरची रचना बदलली आहे, तरी मजकूर त्याच बफरमध्ये असतो. प्रत्येक नोंदीआधी आठ बाइटचा क्रमांक दिसेल, त्याकडे दुर्लक्ष करा. एक पथ्य पाळा: त्या क्षणी डेटा कॅश चालू असते, त्यामुळे शेवटच्या ओळी कॅशमध्येच राहून रीसेटबरोबर नाहीशा झालेल्या असू शकतात. तिथे संदेश सापडला तर पक्का पुरावा. नाही सापडला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जेटॅग (चिपच्या आत बघू देणारी डीबग जोडणी) असेल तर हा प्रश्न उरत नाही. कोर थांबवा, प्रोग्रॅम काउंटर बघा. तो डीटीबी तपासणाऱ्या सेटअप_मशीन_एफडीटी या फंक्शनमधल्या लूपमध्ये दिसला की शोध संपला.

जेटॅग नसेल आणि लॉग बफरही हाती लागला नाही, तर जुना खात्रीचा उपाय आहे: हेड.एस या फाइलमध्ये, एमएमयू (पत्त्यांचं भाषांतर करणारं हार्डवेअर) चालू होण्याआधी, यूआर्टच्या डेटा रजिस्टरच्या प्रत्यक्ष पत्त्यावर एक अक्षर लिहिणारी सूचना घाला. कन्सोलवर ते अक्षर उमटलं म्हणजे बूटलोडरची उडी बरोबर पडली. एमएमयू चालू झाल्यावर मात्र हाच पत्ता वापरू नका. सुरुवातीच्या पेज टेबलांमध्ये यूआर्टचं मॅपिंग नसतं, त्यामुळे तुमचीच सूचना फॉल्ट देईल आणि तपास भलतीकडे जाईल.

निदान सांगून झालं, पण माझ्या शब्दावर विसंबू नका. दोन बाजूंनी चाचणी करा. पहिली: तुमची कमिट काढून टाका आणि जुन्या, चालणाऱ्या कर्नलमध्ये कुठल्याही फाइलीत ८ एमबीचा बिनकामाचा स्टॅटिक ॲरे टाका. कंपायलरने तो गाळू नये म्हणून त्याला __यूज्ड ही खूण लावा, आणि इमेजच्या हेडरमधला आकडा खरंच ३३ एमबी झाला का ते बघून घ्या. हा कर्नलही तसाच गोठला तर तुमच्या कोडचा काही संबंध नाही, प्रश्न जागेचा आहे हे सिद्ध झालं. दुसरी: तुमची कमिट ठेवा आणि यू-बूटमध्ये डीटीबीचा पत्ता ४२०००००० ऐवजी ४८०००००० करा, म्हणजे कर्नलच्या सुरुवातीपासून १२८ एमबी दूर. बोर्ड सुरू झाला तर विषय मिटला. रिव्हर्ट करून चालतं एवढ्यावरून कमिट दोषी ठरत नाही. रिव्हर्टने कोडही जातो आणि जागाही मोकळी होते, आणि यातलं कशामुळे चाललं हे कळत नाही. या दोन चाचण्या त्या गोष्टी वेगळ्या करतात.

तुमच्या प्रिंटएन्व्हमध्ये खरी मेख आहे ती एफडीटी_हाय या व्हेरिएबलमध्ये. तिथे सगळे बिट एक असलेली किंमत दिलेली आहे. तिचा अर्थ: डीटीबी जिथे उतरवला तिथेच राहू दे, हलवू नकोस. ती नसती तर बूटीने हेडरमधून कर्नलची खरी लांबी वाचली असती, तेवढी जागा राखून ठेवली असती आणि उडी मारण्याआधी डीटीबी सुरक्षित जागी हलवला असता. म्हणजे यू-बूटकडे योग्य वागण्याची सोय होती, ती मुद्दाम बंद केलेली आहे. हे व्हेरिएबल जुन्या बोर्डांच्या स्क्रिप्टमधून नव्या बोर्डांत नकलून येत राहतं आणि मला त्याचा मनापासून राग आहे. कुणीतरी कधीतरी एका बोर्डवर कशासाठी तरी लावलं, ते कशासाठी हे कुठे लिहिलं नाही, आणि पुढचे सगळे बोर्ड ते वाहत राहिले. काढून टाका. इनिटआरडी_हाय तसंच लावलेलं असेल तर तेही काढा. नव्या यू-बूटमध्ये डीटीबी आणि कर्नल एकमेकांवर येत असतील तर चूक दाखवून थांबण्याची तपासणी आहे. तुमचं यू-बूट जुनं आहे, म्हणून ते काही न बोलता पुढे गेलं.

दुरुस्ती दोन्हीकडे करा. बूटलोडरमध्ये वरचे दोन बदल. आणि तुमच्या कमिटमध्ये तो ८ एमबीचा ॲरे बीएसएसमधून काढा. कमिट निर्दोष असली तरी हा सल्ला मी देईन, कारण रॅमच्या आकारावर अवलंबून असलेली नोंदवही कंपाइल करतानाच पक्की करणं बरोबर नाही. उद्या हाच कर्नल २ जीबीच्या बोर्डवर गेला की ती अपुरी पडेल, ५१२ एमबीच्या बोर्डवर अर्धी वाया जाईल. ती नोंद फार उशिरा लागते असं तुम्हीच लिहिलं आहे; मग स्लॅब ॲलोकेटर (कर्नलची नेहमीची मेमरी वाटणारी यंत्रणा) तयार झाल्यावर केव्हीकॅलॉकने मागून घ्या. लवकर लागणार असेल तर सेटअप_आर्कमध्ये पेजिंग उभं राहिल्यानंतर मेमब्लॉक_ॲलॉकने घ्या. ती जागा शून्य करूनच हातात देते.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. बोर्ड आधीच लोकांच्या हातात गेले असतील तर त्यांच्या फ्लॅशमधलं यू-बूटचं एन्व्हायर्नमेंट तुम्हाला बदलता येईलच असं नाही. अशा बोर्डांसाठी ४२०००००० ही तुमच्या कर्नलची कायमची हद्द आहे: एकूण ३२ एमबी, बीएसएससकट. बिल्डच्या शेवटी हेडरमधला तो आठ बाइटचा आकडा वाचून ३२ एमबी ओलांडले की बिल्ड पाडणारी छोटी स्क्रिप्ट टाका. नाहीतर आज काढलेले ८ एमबी उद्या एखादा डीबग पर्याय परत आणेल. केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारा), लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारा) आणि मोठा लॉग बफर, हे तिघेही इमेज किंवा बीएसएस चांगलाच फुगवतात. ‘डीबग कर्नल बूटच होत नाही’ या तक्रारीमागे कितीतरी वेळा हेच कारण निघतं, आणि बिचारा डीबगिंगचाच पर्याय बदनाम होतो. रिव्हर्ट करून फाइल बंद केली असती तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती, आणि चोर पुढच्या रिलीजमध्ये पुन्हा भेटला असता.

इतरांसाठीही थोडं लिहितो, कारण लक्षण हेच असलं तरी कारण वेगळं असू शकतं.

लिनक्समध्ये बूटच्या सुरुवातीला मेमरी वाटण्याचं काम मेमब्लॉक करतो. (त्याच्या आधीचा बूटमेम ४.२० मध्ये, म्हणजे २०१८ मध्ये, पूर्णपणे काढला गेला.) मेमब्लॉककडे दोन याद्या असतात: रॅम कुठे कुठे आहे, आणि त्यातली कुठली जागा राखीव आहे. या याद्या जितक्या खऱ्या, तितकाच पुढचा सगळा डोलारा खरा. मेमब्लॉक सहसा वरून खाली जागा देतो, त्यामुळे सुरुवातीची पेज टेबलं रॅमच्या वरच्या टोकाला जातात. आता समजा त्या टोकाला फर्मवेअरने किंवा ऑप-टीसारख्या सुरक्षित सिस्टमने जागा धरली आहे, आणि डीटीबीच्या ‘रिझर्व्ह्ड-मेमरी’ नोडमध्ये ती लिहिलेली नाही. वर्षानुवर्षं तिथे काही पडत नव्हतं. एखाद्या कमिटने वाटपाचा क्रम बदलला, किंवा एक मोठं वाटप वाढलं, आणि नेमकी ती पानं कर्नलच्या वाट्याला आली. हार्डवेअरने ती जागा संरक्षित केलेली असेल तर लगेच एक्सटर्नल अबॉर्ट किंवा एसएरर येतो. ते बरं, निदान कळतं तरी. संरक्षित नसेल तर कर्नल फर्मवेअरचा डेटा तुडवतो किंवा फर्मवेअर कर्नलचा, आणि बिघाड प्रत्येक वेळी वेगळ्या जागी दिसतो. इथे दुरुस्ती डीटीबीत होते. नुसती राखीव नोंद पुरत नाही; अशा जागेला नो-मॅप हा गुणधर्म द्या, म्हणजे ती कर्नलच्या लिनियर मॅपमध्येच (रॅमच्या सलग नकाशात) येत नाही आणि प्रोसेसर अंदाजाने आगाऊ वाचायला गेला तरी तिला स्पर्श होत नाही.

याचाच भाऊबंद म्हणजे बूटलोडरने चालू ठेवलेला डीएमए, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरशिवाय थेट रॅममध्ये लिहिणं. यू-बूटने नेटवर्कवरून इमेज आणली आणि इथरनेट कंट्रोलर नीट बंद केला नाही, तर कर्नल चालू झाल्यावरही तो आलेल्या फ्रेम जुन्या बफरच्या पत्त्यावर लिहीत राहतो. खराब झालेल्या जागेचे बाइट उघडून बघितले आणि त्यात ओळखीचे मॅक ॲड्रेस दिसले, की गुन्हेगाराने सहीच करून ठेवलेली असते. म्हणून मी नेहमी सांगतो: मेमरी खराब झाली हे कळलं की तिथे आता काय आहे ते बघा. शून्यं आहेत, मजकूर आहे, पिक्सेल आहेत की पॉइंटर आहेत, यावरून लिहिणारा कोण ते बहुतेक वेळा ओळखता येतं.

कर्नल थोडा तरी पुढे जात असेल तर कमांड लाइनवर मेमब्लॉक=डीबग द्या, सोबत अर्लीकॉन आणि इग्नोर_लॉगलेव्हल. प्रत्येक राखीव जागा, तिचा सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता आणि मागणाऱ्या फंक्शनचं नाव छापलं जातं. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या कर्नलचे हे दोन लॉग शेजारी ठेवून फरक काढा. कंटाळवाणं काम आहे, पण यातून मिळतं तेवढं दुसऱ्या कशातूनच मिळत नाही. चालणाऱ्या आर्म६४ कर्नलवर डीबगएफएसमधल्या मेमब्लॉक या डिरेक्टरीतही याच याद्या असतात, आणि रूट म्हणून /प्रॉक/आयओमेम वाचलं तर एकूण नकाशा दिसतो. एक्स८६ वर या नकाशाची सुरुवात बायोसने दिलेल्या ई८२० यादीपासून होते. लॉगच्या अगदी वरच्या ओळी त्याच.

फर्मवेअर खोटं बोललं तरी कर्नलला काही वेळा सोसावं लागतं. एक्स८६ वरचे काही बायोस रॅमच्या पहिल्या भागात परवानगीशिवाय लिहितात. म्हणून कर्नल बराच काळ पहिले ६४ केबी राखून ठेवत असे. २०२१ मध्ये, ५.१३ पासून, पहिला अख्खा १ एमबी कायमचा राखीव केला गेला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, ५.११ ची तयारी चालू असताना, रॅममधल्या मोकळ्या भोकांसाठीच्या स्ट्रक्ट पेज नोंदी (कर्नलकडची प्रत्येक पानाची नोंद) नीट भरणारा एक बदल आला होता. हेतू बरोबर होता, पण काही मशिनी बूट होईनात, म्हणून तो मागे घेतला गेला आणि नंतर नव्याने लिहून आणला गेला. दोष कर्नलचा नसला तरी लोकांची यंत्रं बंद पडत असतील तर बदल मागे घेणं योग्यच. फक्त तेवढ्याने कारण सापडलं असं मानू नये.

अर्थात दरवेळी कमिट निर्दोष असते असंही नाही. स्लॅब तयार होण्याआधी केमॅलॉकने स्लॅबकडे मेमरी मागणं, किंवा मेमब्लॉकने सगळी पानं बडी ॲलोकेटरच्या (पानं वाटणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेच्या) हवाली केल्यानंतर पुन्हा मेमब्लॉककडेच जागा मागणं, या खऱ्या चुका आहेत आणि कमिट वाचतानाच दिसतात. व्हीमॅलॉकच्या (सुटी पानं जोडून सलग दाखवणाऱ्या वाटपाच्या) पत्त्याला लिनियर मॅपचा पत्ता समजून त्यावरून फिजिकल पत्ता काढणं ही तिसरी, आणि ती दिसत नाही. डीबग_व्हर्च्युअल हा पर्याय चालू करा, तो तिथल्या तिथे पकडतो. २०१६ मध्ये ४.९ ने एक्स८६ वर कर्नलचे स्टॅक व्हीमॅलॉकच्या जागेत नेले, तेव्हा स्टॅकवरच्या बफरवरून डीएमए करणारे किती ड्रायव्हर आहेत ते असंच बाहेर आलं.

अर्थ बदलून नाव तेच ठेवणारे बदल तर फारच दगा देतात. ६.४ मध्ये मॅक्स_ऑर्डरची (एका मागणीत मिळू शकणाऱ्या सलग पानांची हद्द, दोनच्या घातांकात) व्याख्या बदलली: आधी किंमत ११ होती आणि सर्वांत मोठी ऑर्डर तिच्यापेक्षा एकने कमी असे, आता किंमत १० आणि तीच सर्वांत मोठी. मेनलाइनबाहेरचा, म्हणजे अधिकृत कर्नलमध्ये नसलेला, कोड विनातक्रार कंपाइल होत राहिला आणि ४ एमबीची मागणी नाकारू लागला. शेवटी ६.८ मध्ये नावच मॅक्स_पेज_ऑर्डर केलं, म्हणजे जुना कोड निदान कंपाइल होताना तरी अडतो. तुमच्याकडे मेनलाइनबाहेरचे ड्रायव्हर असतील आणि कर्नलची मोठी उडी मारत असाल, तर बायसेक्टच्या आधी हे शोधून टाका.

बायसेक्टबद्दल थोडंच सांगतो. एका मोठ्या रिलीजमध्ये दहा-पंधरा हजार कमिट असतात, म्हणजे चौदाएक पायऱ्या, फार नाहीत. पण प्रत्येक पायरीला कंपायलर तोच, कॉन्फिग तीच, आणि डीटीबी कुठल्या झाडातून आला ते ठरलेलं, एवढं सांभाळा. डीटीबी कर्नलसोबत बदलत राहिला तर तुम्ही एकाच वेळी दोन गोष्टी शोधत असता. ज्या कमिटवर वेगळ्याच कारणाने बूट होत नाही तिला ‘बॅड’ म्हणू नका, स्किप करा. एक चुकीचं ‘बॅड’ सगळी शोधाशोध भलत्या फांदीवर नेतं. क्यूएमयू या एम्युलेटरवर हे आपोआप चालवता येतं, पण तुमच्यासारखी केस तिथे उभी राहणार नाही, कारण कर्नल थेट दिला तर क्यूएमयू हेडरमधली लांबी वाचून डीटीबी स्वतःच सुरक्षित जागी ठेवतं. तुम्हाला क्यूएमयूच्या आत यू-बूट चालवून, तेच पत्ते आणि तेच एफडीटी_हाय देऊन बघावं लागेल. क्यूएमयूच्या व्हर्ट मशीनची रॅमही ४००००००० पासूनच सुरू होते, त्यामुळे पत्ते बदलायची गरज नाही, आणि जीडीबी हा डीबगर जोडून सेटअप_मशीन_एफडीटीवर थांबताही येईल.

४८०००००० वर डीटीबी हलवून, एफडीटी_हाय काढूनही बोर्ड गप्प राहिला, तर इमेजचे पहिले ६४ बाइट, यू-बूटच्या बीडीइन्फो (बोर्डची माहिती दाखवणाऱ्या) कमांडचा पूर्ण आउटपुट, आणि गोठल्यानंतर रीसेट करून ४८०००००० वरचे पहिले काही बाइट पाठवा. यू-बूट पुन्हा आपोआप डीटीबी उतरवण्याआधी ते वाचा, नाहीतर ताजी प्रत दिसेल. वैध डीटीबीची सुरुवात ठरलेल्या चार बाइटांनी होते. ते शाबूत असतील तर तिथला डीटीबी पुसला गेलेला नाही, आणि मग रॅमच्या वरच्या टोकाकडे बघावं लागेल.